बिझनेस स्कूलच्या गेटवर बदली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बरं का, चहा यायच्या आत. एकदा मी सांगायला लागले की माझं डोकं पुन्हा तापणार, आणि मग कोणी दात काढलेले मला खपणार नाहीत. माझी फजिती झाली, हे कबूल. पण त्यात चूक माझी होती का, ते ऐका आणि तुम्हीच सांगा. मी तर म्हणते, अजिबात नव्हती!

त्याचं असं झालं. सुरतेत लिंबायतला आमचं घर. घर म्हणजे काय, खाली कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना आणि वर आम्ही. दिवसभर जमिनीखालून खटाखट, खटाखट. एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा अख्खा अभ्यास मी त्या तालावर केला. अजूनही शांत खोलीत बसवलं तर मला साधी बेरीज जमत नाही. पण मार्क पडले! चांगले पडले! सुरतेतल्याच एका बिझनेस स्कूलने मुलाखतीला बोलावलं, मुलाखतही झकास झाली, आणि मग आला तो मेल.

‘आपले नाव वेटिंग लिस्टमध्ये आहे. जागा रिकामी झाल्यास कळवू.’

बस्स. एवढंच! नंबर कितवा? नाही सांगणार. कधी कळवणार? नाही सांगणार. अहो, आपल्याकडे दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा सांगतात, ‘ताई, तुमच्या आधी चार जण आहेत.’ रेशनच्या रांगेत निदान पुढची डोकी तरी दिसतात! ही कसली आंधळी यादी? फोन केला तर आधी पिपाणी वाजायची, मग एक बाई गोड आवाजात सांगायची की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा आहे तर उचला ना!

आणि इकडे माझ्या मानेवर सोमवार बसलेला. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शब्द टाकून मला इच्छापोरला एका ठेकेदाराकडे नोकरी बघून ठेवली होती. कंपनीच्या दारात बसून कॉम्प्युटरवर गेटपास काढायचे. सोमवारी हजर व्हायचं. नोकरी वाईट होती असं मी म्हणत नाही. पण माझी मावसबहीणही ‘पुढच्या वर्षी कॉलेज, पुढच्या वर्षी कॉलेज’ म्हणत तिथेच चिकटली, आणि आता तिला कॉलेजचा विषय काढलेलाही आवडत नाही. मला ते कॉलेज हवं होतं हो! इतकं हवं होतं की घास गिळवत नव्हता.

नाना लूमवर मुकादम आहेत. उभा जन्म धाग्यात गेला. त्यांना वेटिंग लिस्ट समजावून सांगायला बसले, तीच माझी पहिली चूक. बरं, चूक नाही म्हणूया. पहिलं पाऊल.

“म्हंजे काय व्हयनं?” नाना.

“म्हणजे कोणी जागा सोडली तर मला आत घेतील.”

नानांचा चेहरा एकदम उजळला. “मंग असं सांग ना! तू बदलीवर से!”

आता ज्यांना लूम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कारागीर लग्नाला, बाळंतपणाला, कशालाही गावी निघाला की त्याच्या मशिनी बंद राहून चालत नाहीत. त्याच्या जागी दुसरा माणूस उभा राहतो. तो बदली. निघणारा बहुधा स्वतःच आपल्या ओळखीचा माणूस देऊन जातो. नाही दिला तर मुकादम सकाळी गेटवर येतो, डबा घेऊन उभे असलेल्यांवर नजर फिरवतो आणि म्हणतो, “चल, तू.” झाली भरती! नाना स्वतः तरुणपणी असेच आत शिरले आणि मग कधी बाहेर पडलेच नाहीत.

“घर बशीसन बदली भेटस का कोनले?” नाना म्हणाले. “सकायले गेटवर उभं ऱ्हावं पडस. मुकादमले तोंड दिसनं पाहिजे.”

“नाना, तो कारखाना नाही. तिथे मुकादम नसतो!”

“मंग मानसं आत घेस कोन?”

“ॲडमिशन ऑफिस.”

“तोच मुकादम!”

मी मेल दाखवला, ‘कळवू’ या शब्दावर बोट ठेवलं. नाना म्हणाले, कळवू तर त्यांचा शेठही रोज म्हणतो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “जाय ना वं, काय बिघडस तुनं?” आणि डब्याला भाकऱ्या थापायला लागलीसुद्धा.

तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली मुलगी, गेली कशी? अहो, पिपाणी ऐकून ऐकून कान किटले होते! आणि सोमवार दिसत होता. गेले.

नानांनी स्वतःच्या पाळीवर बदली दिला, मला गाडीवर मागे बसवलं आणि ऐन कारखान्याची पाळी सुरू होते त्या वेळेला आम्ही बिझनेस स्कूलच्या गेटवर हजर! सगळीकडे काचा, हिरवळ, कारंजं. आणि गेटवर मी, हातात डब्याची पिशवी. नानांनी माझा मोबाईल काढून घेतला आणि पिशवीत भाकरीच्या खाली ठेवून दिला, आणि पुढे रोज हेच. हातात मोबाईल दिसला की मुकादम त्या माणसाला घेत नाही म्हणे. फोनमध्ये डोकं घातलेल्या माणसाचा धागा तुटतो.

वॉचमन आला. मला वाटलं, चला, एक तरी शहाणा माणूस! आता हाकलेल आणि आपण सुटू.

“शुं काम छे?”

“लडकी बदली में है,” नाना छाती काढून म्हणाले. “जिसकी जगह खाली होगी, उसपे लेने का है.”

वॉचमनने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. हा गृहस्थ आधी वर्षानुवर्षं एका कापड रंगवायच्या मिलच्या गेटवर होता, हे मला काय ठाऊक! गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “तो तो सवारे वहेला आववुं पडे, काका!”

म्हणजे अजून लवकर यायला हवं होतं! घ्या!

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काही म्हणजे माझ्या बाबतीत काही नाही. नानांचं मात्र उत्तम चाललं होतं. वॉचमनने त्यांना खुर्ची दिली. नानांनी त्याला आईचा ठेचा दिला. ठेचा खाऊन त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो नानांचा जन्माचा मित्र झाला. खुर्चीवर बसलेला, करड्या केसांचा, कपाळाला गंध लावलेला माणूस पाहून येणारे-जाणारे पालक नानांनाच विचारायला लागले, ऑफिस कुठे, हॉस्टेल कुठे, फॉर्म कुठे. नाना सांगायचे, “सीधा जा के लेफ्ट.” कधी आत पाऊल टाकलं नव्हतं, पण लेफ्ट! आणि गंमत म्हणजे ऑफिस होतंही लेफ्टलाच. कुरियरवाला तर नानांची सही घेऊन पाकीट देऊन गेला. नानांची भरती झाली होती हो! उभी होते ती मी!

पोरंपोरी आत जाताना माझ्याकडे बघायची. एकीने तर मला विचारलं, डबे महिन्याने लावता का? मला! जिचे मार्क तिच्यापेक्षा जास्त असतील तिला!

शुक्रवार आला. इथून पुढे नीट ऐका, कारण चूक कोणाची ते इथेच ठरायचं आहे.

एक मुलगा बाइकवरून आला. ध्रुविल त्याचं नाव. आत जाताना वॉचमनला म्हणाला की त्याचं अहमदाबादला झालंय, इथलं रद्द केलं, आता फक्त आपले मूळ कागद न्यायला आलोय. वॉचमनने नानांकडे पाहिलं. नाना खुर्चीवरून असे उठले, जसे लूमवर धागा तुटल्यावर उठतात.

“बेटा, छोड के जा रहा है?”

“हां अंकल.”

“अच्छा है. बदली दिया?”

“क्या दिया?”

“बदली! अंदर बताया क्या, तेरी जगह कौन आएगा?”

पोरगा पांढराफटक पडला. “अंकल, वो भी देना पडता है? मेरे को तो किसी ने बोला नहीं! नहीं दिया तो डॉक्युमेंट नहीं देंगे?”

“एम ने एम थोडा छोडे!” वॉचमन म्हणाला. असंच थोडं सोडतात! मिलचा माणूस तो, त्याला नियमाबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

“घबरा मत,” नाना म्हणाले आणि माझ्याकडे हात केला. “ये है ना. तैयार खडी है.”

मी अडवायला हवं होतं, म्हणता? मी तोंड उघडलं होतं! पण नानांनी डोळे वटारले, आणि खरं सांगू, मनाच्या एका कोपऱ्यात मलाही वाटलं, कोण जाणे, चाललंच तर? सोमवार होता हो समोर! ध्रुविलने माझं नाव विचारून घेतलं, थँक्यू दीदी म्हणाला, आणि सुटकेचा निःश्वास टाकून आत गेला.

जरा वेळाने आतून शिपाई आला. ॲडमिशनच्या मॅडमनी मला बोलावलं होतं.

“देखं?” नाना म्हणाले आणि डब्याची पिशवी घेऊन माझ्याबरोबर निघाले.

मॅडम चष्म्याआडून बघत बसल्या होत्या. समोर ध्रुविल, रडायच्या बेतात. मॅडम हिंदीत बोलत होत्या, मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

“हा मुलगा तुमचा कोण?”

“कोणी नाही.”

“मग हा मला सांगतो की याच्या जागेवर तुम्ही येणार. यानं आणि तुम्ही परस्पर ठरवलंय म्हणे!”

“मॅडम, मैं रूल के हिसाब से बदली लेकर आया हूं,” ध्रुविल म्हणाला.

मी काही बोलणार, तेवढ्यात नाना पुढे झाले. “मॅडम, लडकी पक्की है. एक दिन खाडा नहीं करेगी. आप बोलो तो नाइट पाली भी कर लेगी!”

नाइट पाली! एमबीएची! मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. धरणी कसली दुभंगते, खाली संगमरवर.

मॅडमनी चष्मा वर केला आणि थंडपणे विचारलं, “या जागेसाठी तुम्ही याला काही दिलंय का?”

झालं! नानांचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. लूमवर बदली देण्याघेण्याचे पैसे खाणारा माणूस म्हणजे सगळ्यात हलका माणूस. नानांना आयुष्यात कोणी असं विचारलं नव्हतं. त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि नुसते उभे राहिले. इतके दिवस उन्हात उभी होते त्याचं मला काही वाटलं नव्हतं, पण ते बघून माझं डोकं फिरलं. काय फिरलं! खालच्या लूमसारखं खटाखट सुटलं!

“लाज वाटायला पाहिजे तुम्हाला!” मी म्हणाले. “एक तर नंबर सांगत नाही! फोन केला की पिपाणी! माणसाने करायचं काय? हा माझा बाप आपली पाळी सोडून तुमच्या दारात उभा आहे, तुमची कुरियरं घेतोय, तुमच्या पालकांना रस्ते दाखवतोय, आणि तुम्ही त्यांना विचारता, काही दिलं का?”

“अहो, तुमचं नाव वेटिंग लिस्टमध्ये—”

“नकोच मला ती लिस्ट!”

“ऐकून तर घ्या. आज सकाळीच तुमचं नाव त्या लिस्टमधून—”

“काढून टाका!” मी टेबलावर हात आपटला. “आत्ता, माझ्यासमोर काढा!”

मॅडमनी चष्मा पुन्हा खाली घेतला. मग शांतपणे म्हणाल्या, “काढलंय.”

“थँक्यू!” मी इंग्रजीत म्हणाले, नानांचा हात धरला, आणि बाहेर पडताना असं दार आपटलं की काचा हादराव्यात. पण ते मेलं आपोआप सावकाश मिटणारं दार निघालं. मी पार कारंज्यापर्यंत पोहोचले तरी ते मिटतच होतं.

गेटबाहेर चहाच्या लारीवर आम्ही टेकलो. नानांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, “भलती भारी बोलनी वं तू.” आणि मला, सांगते ना, असा अभिमान वाटला! गेलं तर गेलं कॉलेज! काढू गेटपास! इज्जत तर राहिली! आईला सांगावं म्हणून मी भाकरीखालून मोबाईल उपसला.

स्क्रीनवर मेल होता. सकाळचा. आम्ही गेटवर येऊन उभे राहिलो त्याच सुमाराचा.

‘अभिनंदन! आपले नाव वेटिंग लिस्टमधून निवड यादीत घेण्यात आले आहे. आज संध्याकाळपर्यंत कार्यालयात येऊन प्रवेश नक्की करावा, अन्यथा जागा पुढील उमेदवारास देण्यात येईल.’

मी तो मेल पुन्हा वाचला. मग नानांना वाचून दाखवला. चहावाल्याने न विचारता ऐकला आणि म्हणाला, “हवे दोडो, बेन!”

धावत सुटले. वॉचमन आडवा. मॅडमचा आतून फोन आला होता म्हणे, त्या रागीट बाईंना आत सोडू नका. रागीट बाई! मी! नानांनी वॉचमनच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला उरलेला ठेचा डब्यासकट दिला, तेव्हा कुठे त्याने पलीकडे तोंड फिरवलं आणि आम्ही दोघं आत शिरलो.

मॅडमनी मान वरही केली नाही. “बसा,” म्हणाल्या. बसले. त्यांचं काम झालं, जेवण झालं, दोन-तीन फोन झाले. मी ‘सॉरी’ म्हणायला उठायची, त्या हातानेच ‘बसा’ म्हणायच्या. घड्याळाकडे बघवत नव्हतं. शेवटी त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. त्यात माझं नाव होतं, निवड यादीत, अगदी शाबूत. त्यांनी कुठलंच बटण दाबलं नव्हतं. सकाळी वेटिंग लिस्टमधून जे आधीच काढलेलं होतं, तेच ‘काढलंय’ म्हणाल्या होत्या.

मग त्या नानांकडे वळल्या. “काका, मी तसं विचारायला नको होतं. माफ करा.”

नाना लगेच विरघळले. “पर मॅडम, जगह किसकी खाली हुई?”

“त्याच मुलाची. त्याने ऑनलाइन रद्द केलं, आणि पहिलं नाव तुमच्या मुलीचंच होतं.”

नाना उठून उभे राहिले, माझ्याकडे वळले, आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मंग? बदलीच व्हयनी ना!”

तेव्हा मॅडम हसल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मी नाही हसले. मला काहीच विनोदी वाटलं नाही.

इथे संपलं असतं तर मी तुम्हाला हे सांगितलंही नसतं. पण वर्ग सुरू झाले आणि कळलं की या मॅडम ॲडमिशनही बघतात आणि ‘वाटाघाटी’ हा विषय शिकवतातही. आमच्या पहिल्याच परीक्षेत शेवटचा प्रश्न काय असावा?

‘एका उमेदवारास प्रवेश मिळालेला आहे. ते सांगण्याचा प्रयत्न करणाऱ्या अधिकाऱ्यासच ती आपले नाव काढून टाकण्यास सांगते आणि दार आपटण्याचा प्रयत्न करते. या प्रसंगाची चर्चा करा.’

‘आपटण्याचा प्रयत्न’! आता मला सांगा, तुमचं रक्त उसळलं असतं की नाही? मी पुरवणी मागितली. आणखी एक मागितली. नंबर न सांगणारी यादी, पिपाणी, ऊन, नानांचा अपमान, सगळं सगळं लिहिलं. उमेदवाराची कशी तसूभरही चूक नव्हती, ते मुद्दे पाडून, खाली रेघा मारून सिद्ध केलं. आयुष्यात इतकं सुंदर उत्तर मी कधी लिहिलं नव्हतं.

पेपर हातात आला. त्या प्रश्नाला भोपळा! अख्ख्या वर्गात भोपळा कुणाला, तर मला एकटीला! जिने तो प्रसंग स्वतः भोगला तिला!

उत्तरपत्रिका, प्रश्नपत्रिका, दोन्ही घेऊन तडक मॅडमच्या केबिनला गेले. “हा सूड आहे!” म्हणाले. “माझी बाजू मांडली म्हणून तुम्ही—”

“प्रश्नपत्रिकेचं पान उलट,” मॅडम म्हणाल्या.

“पान कशाला उलटू? उत्तरात काय कमी आहे ते सांगा!”

“तू उलट तर.”

उलटलं. प्रश्न संपलाच नव्हता. मागच्या बाजूला त्याची शेवटची ओळ होती: ‘उमेदवाराची बाजू मांडू नये. तिने कुठे कुठे पूर्ण ऐकून घेतले नाही, एवढेच लिहा.’